धुराला वाट

खाटेवर बाण नेऊन मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली की जवळ विस्तव नाही, त्यामुळे झोपता येणार नाही. ह्याच खाटेने थोड्या वेळापूर्वी वर छप्पर नसल्याचं सांगितलं होतं. छप्पर घातलं, तर ती म्हणाली की जागा फार उघडी आहे. मग मी चारी भिंती पुऱ्या केल्या, दार लावलं. आता विस्तव. बाहेर अंधारून येत होतं, हेडफोनमध्ये भाच्याचा आवाज नव्हता, आणि आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम खेळायला बसून मला जेमतेम दोन तास झाले होते.

खेळाचं नाव व्हॅलहाइम. स्वीडनमधल्या स्कोव्दे नावाच्या गावात आयर्न गेट ही छोटी कंपनी आहे. तिथल्या पाच जणांनी तो केला आणि २ फेब्रुवारी २०२१ ला अर्धवट अवस्थेतच लोकांसमोर ठेवला. सुमारे महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. हे सगळं मला बंगळूरला असलेल्या माझ्या भाच्याने सांगितलं. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने आपला जुना लॅपटॉप मला पाठवला आणि फोनवर म्हणाला, ‘मावशी, रोज अर्धा तास आमच्यात येऊन बस. लढाया आम्ही बघू. तू घर बांध.’ लढायचं नाही म्हटल्यावर मी तयार झाले.

गोष्ट अशी, की तुम्ही मेलेले व्हायकिंग योद्धे असता. ओडिन देवाच्या दहाव्या जगात त्याची एक दूती, वाल्किरी, तुम्हाला उचलून आणते आणि दगडांच्या रिंगणात सोडून देते. अंगावर जवळजवळ काही नाही. हुगिन नावाचा कावळा येऊन दोन शब्द सांगतो आणि उडून जातो. पुढचं आपलं आपण. मी फांद्या वेचल्या, दगड वेचले. तीन लाकडं आणि दोन दगड मिळून हातोडी झाली, दहा लाकडांत सुताराचं बाक झालं. मग भिंती, आणि त्यांच्यावर गवताचं दुपाखी छप्पर.

छप्पर घालताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण त्या कामाचे शब्द माझ्याकडे होते. मधलं आडवं ते आढं, त्यावरून खाली येतात ते वासे, आणि दोन्हीकडे उतरतात ती पाखी. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. दर वैशाखात तिथे गडी छपरावर चढायचे, फुटकी कौलं काढायचे, नवी बसवायचे. गोठा गवताने शाकारायचे. मी खाली उभी राहून कौलं वर देत असे. त्यामुळे पडद्यावरचं ते गवताचं खोपटं उभं राहिलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. आजोळच्या परसात पेंढा ठेवायची जी खोप होती, अगदी तशीच ती दिसत होती. आत एक खाट, आठ लाकडांची.

शेकोटीला पाच दगड आणि दोन लाकडं लागतात. ती माझ्याकडे होती. पण खोपटात मी हौसेने फळ्यांची जमीन घातली होती आणि शेकोटी त्या फळ्यांवर बसेना. तिला माती हवी होती. हे मात्र मला लगेच पटलं. लाकडावर विस्तव कोण ठेवील? मी खोलीच्या मधोमध एक फळी उखडली. ह्या खेळाची एक गोष्ट मला फार आवडते, हातोडीने बांधलेलं मोडलं की त्याचं सगळं लाकूड परत हातात येतं. उघड्या मातीवर दगडांचं रिंगण बसलं, ज्वाळा उठली, भिंती तांबूस झाल्या. मी दार लावून घेतलं आणि खाटेकडे वळले.

पहिल्यांदा वाटलं की पडद्यालाच काही झालंय. वरच्या कोपऱ्यात करडं काहीतरी साचत होतं. मग ते खाली सरकलं. आढं दिसेनासं झालं, पाखी दिसेनाशी झाली, समोरच्या भिंतीचा वरचा भाग गेला. मग डाव्या कोपऱ्यातली लाल पट्टी कमी व्हायला लागली. ही पट्टी म्हणजे माझा जीव. मी काही खाल्लेलं नव्हतं म्हणून ती मुळातच तोकडी होती. कुणी मारत नव्हतं, कुणी दिसत नव्हतं, आणि तरी जीव जात होता. दार कुठल्या बाजूला होतं तेही मला आठवेना. चाचपडत बाहेर पडले तेव्हा पट्टीचा एक लहानसा तुकडा उरला होता.

दार मी उघडंच ठेवलं. माझी समजूत अशी की दार उघडलं की धूर बाहेर येणारच. बाहेर उभी राहून मी बघत होते, आणि दारातून जवळपास काहीच येत नव्हतं. थोड्या वेळाने आतला उजेड मावळला. आग विझली होती. लाकूड तर भरपूर होतं. पावसाचा थेंब नव्हता. रात्र झाली, अंगाला गारठ्याची खूण लागली, आणि मी सगळी रात्र त्या भिंतीला टेकून काढली. पहाटेच्या सुमारास आत डोकावले तर शेकोटी आपोआप पुन्हा पेटलेली होती. आता मात्र मला काहीच कळेनासं झालं. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी भाचा खेळात भेटला. त्याने माझं खोपटं बाहेरून बघितलं, आत गेला, लगेच बाहेर आला.

‘मावशी, धूर जाणार कुठून?’

‘दारातून.’

‘दाराच्या वर काय आहे?’

दाराच्या वर भिंत होती. दार दोन मीटर उंच, आणि त्याच्यावर आढ्यापर्यंत फळ्यांचा पक्का त्रिकोण मीच बसवला होता. धूर वर जातो. वरचा सगळा त्रिकोण भरेपर्यंत तो दाराच्या चौकटीपर्यंत उतरतच नाही, आणि तोपर्यंत आत उभ्या असलेल्या माणसाचं डोकं त्यात बुडालेलं असतं. भाच्याने मला आणखी एक सांगितलं आणि त्याने माझं ह्या खेळाकडे बघणंच बदललं. इथला धूर नुसता रंग नाही. आगीतून एकामागून एक पुंजके निघतात आणि प्रत्येक पुंजक्याला अंग असतं. तो वर चढतो, वाटेत फळी आली की अडतो, बाजूला सरकतो, फट मिळाली तर निघून जातो, नाहीतर तिथेच राहतो आणि पुढचे पुंजके त्याच्याखाली साचतात. साचत साचत ते आगीपर्यंत आले की आग कोंडते आणि विझते. जुने पुंजके विरले की ती पुन्हा पेटते. माझ्या शेकोटीचं रात्रभर हेच चाललं होतं.

त्या संध्याकाळी मी काहीही बांधलं नाही. खोपटाचं एक पाखं काढून टाकलं, आग लावली, आणि तासभर धूर बघत बसले. भाचा मधूनमधून विचारत होता, ‘मावशी, आहेस ना?’ होते. माझ्या डोळ्यांसमोर आजीचं स्वयंपाकघर आलं होतं.

ते घराच्या मागच्या अंगाला होतं. चूल आणि तिला जोडून वैल, दोन्ही मातीची, रोज सारवलेली. चुलीच्या वर बांबूचा माळा, त्यावर पावसाळ्यासाठी सुकत ठेवलेली लाकडं. बियाण्याची कणसं आढ्याला टांगलेली असायची, धुराने त्यांना कीड लागत नसे. भिंतीचा वरचा अर्धा भाग काळा आणि खालचा अर्धा मातीच्या रंगाचा. ह्या दोन रंगांमधली रेघ लहानपणी मी हाताने चाचपून बघितली होती. ती कुणी आखली असं मी तेव्हा विचारलंसुद्धा असेल. आता पडद्यावर बघताना ती रेघ मला पहिल्यांदा कळली. तिथपर्यंत धूर उतरायचा. त्या रेघेच्या खाली माणसं पाटावर बसून जेवायची, आजी जमिनीवर बसून भाकऱ्या थापायची, आम्हा मुलांना ‘उभं राहून बोलू नका, खाली बसा’ असं सांगितलं जायचं. मला ते शिस्तीचं वाटायचं. त्या खोलीत उभं राहणं म्हणजे धुरात डोकं घालणं होतं.

माझ्या खेळातल्या माणसाला जमिनीवर बसता येतं. मी त्याला बसवून बघितलं. एवढ्याने फार काही साधलं नाही, धूर शेवटी तिथपर्यंतही आला, पण थोडा वेळ जास्त मिळाला.

आजीचे डोळे साठीच्या आतच अधू झाले होते आणि पावसाळ्यात तिचा खोकला कधी थांबत नसे. तेव्हा घरात कुणी त्याचा संबंध चुलीशी लावला नाही. वय, दमट हवा, दैव, एवढीच कारणं आम्ही ऐकली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की २०२० मध्ये घरातल्या चुलींच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. हा आकडा मी पूर्वीही कुठेतरी वाचला होता आणि पान उलटलं होतं. पडद्यावरची लाल पट्टी सरकताना बघितल्यावर मी तो पुन्हा शोधून वाचला.

आजीच्या घराला धुराडं नव्हतं. मग तो धूर जायचा कुठे? कौलांतून. संध्याकाळी एसटीतून उतरून पायवाटेने वाडीत शिरलं की सगळ्या घरांच्या कौलांतून धूर पाझरताना दिसायचा, घरं गरम पाण्यातून काढल्यासारखी. कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, त्यांच्यात बारीक फटी असतात. पाणी त्यांच्यावरून उतारावर वाहून जातं आणि धूर त्यांच्यातून वर निघतो. मी इतकी वर्षं ते छप्पर फक्त पावसासाठी आहे असं समजत होते. खेळातल्या गवतातून मात्र धूर कणभरही पाझरत नाही. तिथे छप्पर म्हणजे झाकण.

म्हणून मी झाकणाला भोक पाडलं. शेकोटीच्या अगदी वरचा गवताचा एक तुकडा काढला. लगेच फरक पडला. पुंजके सरळ रेषेत वर गेले आणि चांदण्यांत मिसळले. खोलीत डोळ्यांना काही टोचत नाही असं वाटलं, खरं म्हणजे टोचायला तिथे माझे डोळे नव्हतेच, पण वाटलं. खाटेने ह्या वेळी काही कुरकुर केली नाही. मी झोपले. सकाळ झाली. भाच्याला मेसेज केला की झालं.

तीन दिवस झालेलंच होतं. चौथ्या दिवशी मी रानातून लाकडं घेऊन येत असताना पाऊस लागला. त्या जगातला पाऊस सुरेख आहे, गवतावर वाजतो, समुद्राचा रंग बदलतो. घरात शिरले तर आत काळोख. छपराच्या भोकातून धार थेट शेकोटीवर पडत होती. आग नाही. मी भिजलेली, आणि खाटेचं नवं म्हणणं असं की ओल्या अंगाने झोपता येणार नाही. अंग सुकवायला आग हवी, आग पेटायला पाऊस थांबायला हवा. भोकाखालच्या फळ्यांचा रंगही उतरला होता. उघड्यावरचं लाकूड इथे पावसाने झिजतं, निम्म्यापर्यंत झिजून थांबतं. हातोडीने ते फुकटात दुरुस्त होतं, पण दर पावसानंतर हातोडी घेऊन फिरायचं.

मी भोक बुजवलं की गुदमरणार होते आणि उघडं ठेवलं की भिजणार होते. दोन दिवस मी ह्याच्यापुढे सरकले नाही. भिंतीत खिडकी ठेवून बघितली. दाराखाली जागा सोडून बघितली, कारण खऱ्या चुलीला खालून हवा मिळाली की धूर वर जोराने ओढला जातो हे मला माहीत होतं. खेळात त्याने काहीही फरक दिसला नाही. आढ्याच्या एका टोकाला बारीक चीर ठेवली, तर पुंजके तिथे येऊन अडकले. त्यांना अंग आहे, हे मी विसरले होते. एवढ्याशा चिरेतून ते जात नाहीत. मग मोठ्या खिडक्या ठेवल्या तर खाट पुन्हा म्हणाली की जागा फार उघडी आहे. आसरा मोजला जाण्यासाठी वर छप्पर आणि भोवताली किमान ८० टक्के आडोसा लागतो, हे मला नंतर कळलं.

भाचा मला उत्तर सांगू शकला असता. मीच त्याला थांबवलं. त्याऐवजी मी वाचायला बसले की खऱ्या व्हायकिंग लोकांनी काय केलं. त्यांच्याही लांबलचक घरांत मधोमध जमिनीवर आगटी असे, आणि धुराडं त्यांच्याकडेही नव्हतं. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोतेन बेटांवर बोर्ग नावाचं ठिकाण आहे. १९८१ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या वस्तूंचे तुकडे लागले, आणि पुढे उत्खननात तिथे एका सरदाराचं घर मिळालं. लांबी ८३ मीटर. तसंच घर शेजारी पुन्हा उभारलेलं आहे आणि १९९५ पासून लोक ते बघायला जातात. एवढं मोठं घर, तेवढाच मोठा काळोख, आणि मध्ये पेटलेली आग. धूर वर जाऊन छपरातल्या भोकातून निघायचा. उंच आढ्याखालची ती सगळी मोकळी जागा म्हणजे धुराची कोठी होती, माणसांच्या डोक्यापासून दूर.

वाचताना दोन शब्द भेटले. छपरातल्या त्या भोकाला जुन्या नॉर्स भाषेत ल्योरी म्हणत, आणि त्याचं मूळ उजेडाच्या शब्दात आहे. ज्यातून धूर जायचा त्याला त्यांनी उजेडाचं नाव दिलं. दुसरा शब्द विंदाउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. खिडकीला इंग्रजीत जो शब्द आहे तो ह्यातूनच आला. मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ तशीच बसले, कारण गवाक्ष म्हणजेही डोळाच, गाईचा डोळा. आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. इतक्या लांबच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी भिंतीतल्या भोकाकडे बघून डोळा म्हणावं, वारा म्हणावं, ह्याचा मला इतका आनंद झाला की मी विंदाउगा हा शब्द कागदावर लिहून लॅपटॉपच्या बाजूला चिकटवला. आजोळच्या स्वयंपाकघरात कौलांमध्ये काचेचं एक कौल होतं, उजेडासाठी. दुपारी त्यातून उन्हाचा एक खांब चुलीपाशी उतरायचा आणि त्या खांबात धूर वर चढताना स्पष्ट दिसायचा.

मला बुजलेलंही नको होतं आणि उघडंही नको होतं. म्हणजे भोक हवं, आणि त्याच्यावर त्याला न टेकणारं दुसरं छप्पर हवं. पाऊस वरून येतो, तो दुसऱ्या छपरावर अडेल. धूर खालून येतो, तो दुसऱ्या छपराला आपटून बाजूंनी निघेल. हे कागदावर काढलं तेव्हा चित्र मला पाहिल्यासारखं वाटलं. गिरण्यांच्या, वखारींच्या आढ्यांवर अशी दुसरी लहान छपरं असतात. मी त्यांच्याखालून कितीदा गेले असेन.

बांधणं वेगळं निघालं. आढ्यावर चार खांब एकेक मीटरचे उभे केले, त्यांच्यावर आडवी लाकडं, त्यांच्यावर गवत. तिसरा तुकडा ठेवताच सगळं खाली आलं, आणि खालच्या छपराचा एक भागही घेऊन आलं. इथे भाच्याला बोलावलंच. तो म्हणाला, ‘हातोडी हातात घेऊन लाकडाकडे बघ. रंग दिसतो का?’ दिसत होता, मी त्याला शोभा समजत होते. जमिनीला टेकलेलं लाकूड निळं दिसतं. त्याच्यावरचं हिरवं. जसजसं वर जावं, जमिनीपासून लांब जावं, तसं पिवळं, मग नारिंगी, मग लाल. लालच्या पुढे काही ठेवलं की ते टिकत नाही. माझं आढंच नारिंगी होतं, कारण मी मधोमध एकही खांब घेतला नव्हता, सगळा भार भिंतींवरून तिरपा वर गेला होता. त्या नारिंगीवर मी आणखी एक घर बांधायला निघाले होते.

आजोबा नवं घर बघायला गेले की आधी मधल्या खांबाला हात लावून बघत. मी खोपटं मुळापासून मोडलं.

दुसरं घर बांधायला मला आठवडा लागला. ह्या वेळी लाकूड वेगळं घेतलं. काळ्या रानातल्या पाइनच्या झाडांतून जाड ओंडके मिळतात. त्यांचे खांब साध्या फळकुटांपेक्षा जास्त उंचीवर भार धरतात. त्या रानात मी एकटी जात नसे. भाचा आणि त्याचे दोन मित्र पुढे असायचे, मी मागून कुऱ्हाड घेऊन. त्या मुलांनी मला एकदाही घाई केली नाही. ‘काकू, झाड पडतंय, डावीकडे व्हा,’ एवढंच. पाइन आपल्याच अंगावर पडू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

जमिनीतून चार ओंडके सरळ वर नेले, शेकोटीच्या चार कोपऱ्यांना, आढं ओलांडून थेट दुसऱ्या छपरापर्यंत. आता भार भिंतींवरून जाणार नव्हता, खालून येणार होता. पाखी ह्या वेळी जास्त उतरती घेतली, ४५ अंशांची, म्हणजे वर धुराला कोठी मोठी. आढ्यात दोन मीटरचं भोक. भोकाच्या वर एक मीटर जागा पूर्ण मोकळी आणि तिच्यावर लहानसं दुपाखी छप्पर, घराची टोपीच. हातोडी घेऊन वर बघितलं. टोपीचं आढं हिरवट पिवळं.

आग लावली तेव्हा भाचा आणि ती दोन मुलं बाहेर अंगणात उभी होती. पहिला पुंजका वर गेला, टोपीला खालून लागला, क्षणभर तिथेच लोळला. मला वाटलं अडकला. मग तो डावीकडून घरंगळत बाहेर पडला, आणि त्याच्यामागून दुसरा, तिसरा, काही डावीकडे, काही उजवीकडे. मुलं ओरडली. मी खरंच रडले, हेडफोन काढून ठेवला म्हणून त्यांना ते कळलं नाही.

आता त्या घरात आम्ही चार खाटा ठेवल्या आहेत. सगळ्यांनी एकाच वेळी आडवं झाल्याशिवाय रात्र झोपून काढता येत नाही, म्हणून मोहिमेवरून येणारी मुलं आधी शेकोटीपाशी बसतात. आगीजवळ आसऱ्यात थोडं थांबलं की अंगात तरतरी येते, दम लवकर भरून येतो. घर जितकं सोयीचं तितकी ही तरतरी जास्त वेळ टिकते. पुढे लोखंड मिळालं की दगड घडवता येतील आणि १५ दगडांची मोठी आगटी मांडता येईल. त्यासाठी दलदलीत जावं लागतं. मुलं जाणार आहेत.

गेल्या रविवारी आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. ती ८२ वर्षांची आहे. तो पाइनचा ओंडका, ते पाखं, ती शेकोटी, सगळं तिने शांतपणे बघितलं. खेळात पाऊस सुरू होता. तिने हेडफोनमध्ये कोण आहे ते विचारलं, नातू आहे कळल्यावर मी आवाज बाहेर सोडला.

‘ही वरची टोपी तुझी का?’ तिने मला विचारलं.

‘हो.’

‘आणि झड आली म्हणजे?’

झड म्हणजे आडवा पाऊस. आजोळी मृगाच्या आधी पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधत ते त्याच्यासाठी. तो वरून येत नाही, वाऱ्याबरोबर बाजूने आत घुसतो. माझ्या टोपीच्या चारी बाजू एक मीटर उघड्या होत्या.

‘आजी, इथे डोक्यावर छप्पर असलं की झालं,’ भाचा म्हणाला. ‘झड मोजत नाहीत.’

‘नसतील मोजत. तू घाल गं. आमच्या आईच्या चुलीवर झड यायची, मागच्या भिंतीतनं. ती पदर धरून बसायची चुलीपुढे. भाकरी होईपर्यंत.’

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी शिडी लावून वर चढले आणि टोपीच्या दोन्ही पाख्यांना गवताचा एकेक तुकडा वाढवला, वळचण खाली येईल एवढा. आई चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ आली होती. धूर वळचणीखाली थबकला, मग तिच्या कडेने वळून पावसात निघाला.

‘अजून एक,’ आई म्हणाली. ‘ह्या अंगाला.’